कॉलेजजवळ पिझ्झाचं दुकान टाकताय? हिशोब मे महिन्यापासून मांडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. सांगलीत विश्रामबागेत साडेतीनशे चौरस फुटांचा गाळा मिळतोय, भाडं २८ हजार. वालचंद आणि विलिंग्डन, दोन्ही कॉलेजं जवळ. हाताशी दहा लाख आहेत. फ्रँचायझी घ्यावी की स्वतःच्या नावाने उघडावं, ओव्हन कुठला घ्यावा, ९९ रुपयांत पिझ्झा परवडतो का, आणि पाच पोरं एक पिझ्झा मागवून दोन तास बसली तर काय करायचं, हे तुम्हाला हवं आहे.

माझं दुकान पुण्यात कर्वेनगरला आहे. कमिन्स कॉलेज आणि आसपासच्या वसतिगृहांतली मुलं-मुली हे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक. त्यामुळे खाली जे लिहितोय ते पुण्याच्या अनुभवावरून. सांगलीला काही गोष्टी वेगळ्या पडतील. रात्री दुकान लवकर शांत होईल, घरून ये-जा करणारी मुलं जास्त असतील, पगार थोडे कमी लागतील. जिथे हा फरक पडेल तिथे तसं म्हणेन.

तुम्ही जे विचारलं नाही तिथून सुरुवात करतो. कॉलेज वर्षातून साधारण आठ महिने चालतं. भाडं बारा महिने. पोरं दुकान भरतात, यात शंका नाही; जुलैअखेरपासून दिवाळीपर्यंत आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मग परीक्षा संपतात, बॅगा भरल्या जातात आणि गल्ली ओस पडते. अशी दुकानं बंद पडताना मी पाहिली आहेत ती सहसा जूनमध्ये, आणि बहुतेकांचा पिझ्झा चांगलाच होता. तेव्हा तुमचं गणित आधी आकड्यांत घालू.

समजा हंगामात दिवसाला ४० बिलं, सरासरी २२० रुपयांची, कर वगळून. महिन्याला २ लाख ६४ हजार. माल, पॅकिंग, गॅस-वीज आणि वाया गेलेलं धरून ४० टक्के जातात. हाती राहतात १ लाख ५८ हजार. त्यातून भाडं २८, तीन माणसांचे पगार ४५, हंगामात एक जादा पोऱ्या १२, आणि दुरुस्ती, इंटरनेट, साफसफाई वगैरे १५ हजार. म्हणजे एक लाख गेले, ५८ हजार उरले. आठ महिन्यांचे साडेचार लाखांच्या वर. ऐकायला बरं वाटतं.

आता सुट्टीचे चार महिने. फक्त पोरांवर अवलंबून असलेल्या दुकानाची विक्री तेव्हा पाचव्या हिश्शावर येते, म्हणजे ५३ हजार. त्यातले ३२ हजार हाती, खर्च ८८ हजार. दर महिन्याला ५६ हजारांचा खड्डा, चार महिन्यांत सव्वादोन लाख. हंगामाची जवळजवळ निम्मी कमाई इथेच बुडाली. तेच आसपासच्या सोसायट्यांतली घरं तुमच्याकडे येत असतील आणि विक्री निम्म्यावरच थांबली, तर खड्डा महिन्याला नऊ हजारांचा. वर्षाच्या शेवटी दोन्ही दुकानांत पावणेदोन-दोन लाखांचा फरक पडतो, आणि पिझ्झा दोघांचाही तोच.

हे आकडे माझे नाहीत, तुमच्या भाड्यावर बेतलेले अंदाज आहेत. तुमची बिलं ४० ऐवजी २५ निघाली तर सगळं कोलमडतं. म्हणून जागा घेण्याआधी दोन्ही कॉलेजांची शैक्षणिक वेळापत्रकं काढा, एका मोठ्या कागदावर बावन्न आठवडे आखा आणि परीक्षा, सबमिशन, सुट्ट्या, गॅदरिंग, सगळं त्यावर लिहा. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची मुलं प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की ऑगस्ट उलटला तरी येत नाहीत, तेही लिहा. मग गाळ्याच्या भोवती चालत फिरा आणि किती बिल्डिंगा, किती बंगले, किती क्लासेस आहेत ते मोजा. विश्रामबाग ही राहती वस्ती आहे, ही तुमच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट. नुसत्या कॉलेजच्या गेटसमोरचा, आजूबाजूला वस्ती नसलेला गाळा असता तर मी भाडं निम्मं असलं तरी घेऊ नका म्हटलं असतं.

पोरांचा आठवडा कसा चालतो तेही समजून घ्या, कारण माणसं आणि माल त्यावर ठरतात. वसतिगृहात आणि कॉट बेसिसवर राहणारी मुलं मेसवर जेवतात, आणि मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. दुपारी फीस्ट, रात्री चूल बंद. माझ्याकडे रविवारी रात्री आठ ते दहा या वेळात जी झुंबड असते ती शनिवारी नसते. नवीन माणूस शनिवारी दोन हात जास्त ठेवतो आणि रविवारी एकाला सुट्टी देतो. तुम्ही उलटं करा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत मोठे पिझ्झे जातात, वीस तारखेनंतर गार्लिक ब्रेड आणि छोटा मार्गारिटा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बसणारे कमी आणि पार्सल जास्त. शेवटच्या पेपरच्या दिवशी मात्र दुपारी बारालाच ओव्हन तापलेला हवा, कारण पोरं पेपर टाकून थेट दुकानात येतात.

आता ९९ रुपयांचं. माझ्या हिशोबाने आठ इंची मार्गारिटाला असा खर्च येतो: डोचा, म्हणजे मळलेल्या पिठाचा, १६० ग्रॅमचा गोळा, त्यात १०० ग्रॅम मैदा, तेल-यीस्ट धरून साडेसहा रुपये, सॉस पाच रुपये, ६० ग्रॅम मोझरेला सव्वीस रुपये, गॅस किंवा वीज साडेचार. झाले ४२. पार्सल असेल तर खोक्याचे आठ, म्हणजे ५०. आता ९९ मधून पाच टक्के जीएसटी काढला की हाती येतात ९४. बसून खाल्ला तर खर्चच ४५ टक्के, पार्सलला ५३. त्यावर ऑर्डरच्या अ‍ॅपचं कमिशन बसलं तर भाडं-पगार धरता घरचं घालून विकायची वेळ. हाच पिझ्झा १३९ ला विकला तर हाती १३२, आणि खर्च ३२ टक्के. धंदा तिथे आहे.

मग ९९ चं काहीच नको का? हवं. दारावर एक आकडा असा लागतो की पोरगं आत यायला कचरत नाही. पण तो आकडा आठ इंची चीजच्या पिझ्झ्यावर लावू नका. माझ्याकडे दुपारी तीन ते सहा, जेव्हा ओव्हन तापलेला असतो आणि टेबलं रिकामी असतात, तेव्हा मोठ्या पिझ्झ्याचा एक तुकडा आणि लिंबू सरबत असा जोड देतो. त्यात चीज ३५ ग्रॅम जातं, खोकं लागत नाही, आणि जी वेळ नाहीतर फुकट जाते ती भरते. सहानंतर बंद. पहिल्या आठवड्यात दोन-चार जण कुरकुर करतात, नंतर सगळ्यांना घड्याळ पाठ होतं.

पैसे खरे सुटतात ते मोठ्या पिझ्झ्यात, आणि अभियांत्रिकीच्या पोरांना हे पटवायला वेळ लागत नाही. आठ इंचीचं क्षेत्रफळ ५० चौरस इंच, बारा इंचीचं ११३. सव्वादोन पट. आठ इंची १३९ ला आणि बारा इंची २७९ ला ठेवला, म्हणजे किंमत दुप्पट आणि खाणं सव्वादोन पट. तुमचा मालाचा खर्च सव्वादोन पट होतो, पण हात एकदाच लागतो, ओव्हनचं दार एकदाच उघडतं, आणि पाच जणांनी वाटून घेतला की माणशी ५६ रुपये. एक जण बिल भरतो, बाकीचे टेबलावरूनच त्याला यूपीआय करतात. मेन्यूवर ‘५ जणांत माणशी ५६’ असं मी लिहूनच ठेवलं आहे.

मेन्यूवरची किंमत करासकट छापा. १३९ म्हणजे १३९. शेवटी बिलात सात रुपये वाढलेले पाहिले की पोरं पैशांनी नाही, मनाने दुखावतात. रेस्टॉरंटला नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के दर आहे आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून मालावरचा कर कमी झाला की त्याचा फायदा सरळ तुमच्या खिशात येतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून चीज आणि बटर १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, पिझ्झा बेस शून्यावर. पुरवठादार अजून जुन्याच दराच्या आसपास भाव सांगत असेल तर हे त्याच्या तोंडावर सांगा. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचा जीएसटीचा सोपा पर्याय, घ्यावी का, हे तुम्ही अ‍ॅपवरून किती विकणार यावर आहे. ते तुमच्या सीएला वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा, मध्येच नको.

चीजबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण मोह इथेच होतो. बाजारात अ‍ॅनालॉग मिळतं. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेलं, भाव मोझरेलाच्या निम्म्याच्या आसपास. दिसायला सारखं. ओव्हनमध्ये वितळतं, पण पाच मिनिटांत त्याचा रबर होतो आणि जिभेवर तेलाचा थर राहतो. ते वापरणं हा गुन्हा नाही. ते वापरून मेन्यूवर ‘चीज’ लिहिणं हा आहे. एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, महाराष्ट्रात या मुद्द्यावरून मोठ्या साखळ्यांच्या दुकानांनाही सोडलेलं नाही. आणि कायद्याचं सोडा, आठवड्यातून दोनदा येणारं पोरगं पहिल्याच घासाला ओळखतं की परवाचं चीज आज नाही. मी ऐंशी टक्के मोझरेला आणि वीस टक्के प्रोसेस्ड किंवा चेडर असं मिश्रण वापरतो. मोझरेला ताणलं जातं, दुसऱ्याने चव येते. नुसत्या मोझरेलाला आपल्याकडच्या जिभेला ‘फिकं’ म्हणतात. कंपनी कुठली ते तुमच्याकडे नियमित गाडी कुणाची येते यावर ठरवा. मंचरहून, आणंदहून, तमिळनाडूहून चांगला माल येतो. पण दर दोन महिन्यांनी ब्रँड बदललात तर ओव्हनची वेळ दरवेळी नव्याने बसवावी लागते. गोठलेलं चीज आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. घाईत बाहेर ठेवून वितळवलं की पाणी सुटतं आणि बेस मधोमध ओला राहतो. पनीरसाठी तुम्हाला लांब जायला नको, डेअरीचं भिलवडी तुमच्या जिल्ह्यातच आहे.

बेसचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, त्यावरून वाटतं की तयार बेस आणायचा विचार असावा. बेकरीचा बेस, वर केचप, किसलेलं अमूल, ढोबळी मिरची आणि कांदा: आपल्या पिढीने पहिला पिझ्झा हाच खाल्ला, आणि तो आजही कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. म्हणूनच तुम्ही तो देऊ नका. पन्नास रुपयांच्या गाडीशी तुमची तुलना होईल आणि गाडीला तुमच्यासारखं भाडं नाही. डो स्वतःचा करा. त्यात भीती वाटण्यासारखं काही नाही, तापमान सांभाळलं तर.

मी धरतो ते प्रमाण: दहा किलो मैदा, सहा लिटर पाणी, मीठ २०० ग्रॅम, तेल ३०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, कोरडं इन्स्टंट यीस्ट ४० ग्रॅम. यातून १६० ग्रॅमचे शंभरएक गोळे निघतात. मळून, गोळे करून, झाकणाच्या ट्रेमध्ये चार अंशांवर रात्रभर, शक्यतो चोवीस तास. मैदा ब्रेडचा घ्या, प्रथिनं अकरा टक्क्यांच्या जवळ असलेला. बिस्किटाच्या मैद्याचा डो ताणला की फाटतो.

खरी गंमत पाण्यात आहे. मळून झाल्यावर डो पंचवीस अंशांच्या आसपास हवा. पंचविसाला तिनाने गुणा, ७५. त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाचे दहाएक अंश वजा करा. उरेल तितक्या अंशांचं पाणी घ्या. डिसेंबरच्या सकाळी मैदा २० आणि खोली २२ असेल तर पाणी २३ अंशांचं, म्हणजे नळाचं चालतं. एप्रिलच्या सांगलीत मैदा ३३, खोली ३४. करा वजाबाकी: उणे दोन. म्हणजे नुसतं फ्रीजचं पाणी पुरणार नाही, पाण्याच्या वजनातला काही हिस्सा बर्फाचा चुरा म्हणून घालावा लागेल, किंवा पहाटे मळावं लागेल. उन्हाळ्यात ‘आमचा डो आंबट का होतो’ म्हणून जे फोन येतात त्यांतल्या बहुतेकांना मी फक्त एक थर्मामीटर घ्यायला सांगतो.

सॉससाठी ताजे टोमॅटो आणि टिनची प्युरी निम्मी-निम्मी. नारायणगावचा टोमॅटो स्वस्त असतो तेव्हा सगळं ताजं करावंसं वाटतं, पण जुलै २०२३ आठवा, किलोला शंभराच्या वर गेला होता. प्युरीचा भाव असा उड्या मारत नाही. कांदा-लसूण नसलेला सॉस वेगळ्या डब्यात, वेगळ्या पळीने, पहिल्या दिवसापासून ठेवा. जैन पिझ्झा मागणारं एक कुटुंब आलं की त्यांच्या ओळखीची चार येतात, आणि ही घरं मे महिन्यातही गावातच असतात.

ओव्हन. दहा लाखांत कन्व्हेयर नको. तो साखळ्यांना बरा, त्यांच्याकडे माणसं रोज बदलतात. पट्ट्यावर ठेवला की पलीकडून भाजून निघतो, डोकं लागत नाही. पण जागा खातो आणि रिकामा असतानाही जळत राहतो. तुम्हाला दगडी लादीचा डेक ओव्हन, तीनशे अंशांपर्यंत जाणारा, एका वेळी चार आठ-इंची बसतील असा. विजेचा की गॅसचा, ते गाळ्यावर आहे. थ्री-फेज मीटर मिळत असेल तर विजेचा; भाजणं एकसारखं होतं. पण विश्रामबागेत वीज आठवड्यातून किती वेळ जाते ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. वरचेवर जात असेल तर गॅसचा. गॅस म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, घरगुती नाही. त्यात पकडलं गेलं तर दंडापेक्षा बदनामी महाग. व्यावसायिक सिलिंडरचा दर बहुधा महिन्याच्या एक तारखेला बदलतो, तेव्हा मेन्यू छापताना थोडी मोकळीक ठेवा. जुना ओव्हन घ्यायला हरकत नाही, मात्र लादी तडकलेली नाही ना आणि दार घट्ट बसतं ना हे तापवून पाहा, थंड असताना नाही.

फ्रँचायझीबद्दल माझं मत एकतर्फी आहे, ते तसंच घ्या. मोठ्या नावाला दहा लाख पुरत नाहीत. छोट्या नावाला पुरतात, पण मग नावच छोटं. फी, रॉयल्टी, त्यांच्याकडूनच घ्यायचा माल. मालाचा खर्च ३२ टक्क्यांवरून ४० वर जातो आणि कॉलेजच्या आठ महिन्यांवर चालणाऱ्या दुकानाला तो फरक झेपत नाही. ज्याला स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही, फक्त गुंतवायचं आहे, त्याने घ्यावी. तुम्ही ‘मी स्वतः उभा राहणार’ म्हणालात म्हणून हे लिहितोय.

आता पाच पोरं आणि दोन तास. गिऱ्हाईक हाकलणारा दुकानदार अशी ख्याती एका सेमिस्टरमध्ये होते आणि पुढच्या तीन बॅचना ती वारशाने मिळते. म्हणून उठवायचं नाही. त्याऐवजी जागाच तशी मांडा. साडेतीनशे फुटांत किचन काढून दोनशे उरतील. चार जणांची दोन टेबलं, तीही ओढून आठांची होतील अशी. भिंतीला लागून उंच फळी आणि स्टुलं. बाहेर मालकाने परवानगी दिली तर एक बाक. उंच स्टुलावर कोणी दोन तास बसत नाही, पण पंचवीस मिनिटं आनंदाने बसतं. गप्पा मारणारे बाकावर सरकतात. संध्याकाळी सात ते साडेनऊ आत बसण्याची वेळ चाळीस मिनिटं, अशी पाटी मी लावली आहे. ती मी स्वतः कधी बोलून दाखवत नाही, घरची मंडळी दारात उभी राहिली की पोरंच एकमेकांना खुणावून उठतात. काकूंच्या हातात लहान मूल असेल तर दोन मिनिटंही लागत नाहीत. बसून गप्पा मारणाऱ्यांचा पिझ्झा गार होतो, मोझरेला दहा मिनिटांत आखडतं. तो मी परत एक मिनिट लादीवर टाकून देतो, पैसे घेत नाही. वर कोल्ड कॉफी हवी का एवढं विचारतो. बहुतेक जण हो म्हणतात.

वाढदिवस मात्र नियमात बांधा. केक बाहेरून आणू द्या, पण तोंडाला फासायचा असेल तर रस्त्यावर. फोम, फुगे फोडणं नाही. हे लिहून लावा, नाहीतर शेजारच्या टेबलावरचे आजी-आजोबा पुन्हा येणार नाहीत आणि तुमचा मे महिना त्यांच्यावर आहे.

सिगारेट ठेवा असं पोरं सांगतील, टपरीवाला सुचवेल. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि अंतर भरत नसलं तरी ठेवू नका. दारात धूर असेल तर मुलींचे घोळके आत येत नाहीत. माझ्या अनुभवात मुलींचा एक घोळका तुमच्याकडे नियमित येऊ लागला की दुकान लागलं म्हणायचं; त्या जागा पारखून घेतात, एकदा घेतली की सोडत नाहीत, आणि आई-बाबा गावाहून आले की त्यांनाही तिथेच आणतात.

घरांना कसं ओढायचं? जाहिरात नको. शनिवारी सकाळी जवळच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना भेटा, मेन्यू द्या, आणि अ‍ॅपशिवाय फोनवर ऑर्डर घेऊन दीड किलोमीटरपर्यंत स्वतःचा मुलगा पाठवा. अ‍ॅपचं कमिशन माझ्याकडे पंचवीस टक्क्यांच्या आसपास बसतं. त्या पैशांत हंगामातला जादा पोऱ्या गाडीसह निघतो. अ‍ॅपवर राहा, नव्या माणसाला तुम्ही सापडायला हवेत, पण पार्सलच्या खोक्यावर फोन नंबर मोठा छापा. श्रावणात चिकन थंडावतं, पनीर-मका चालतो. गणपतीत संध्याकाळी आरतीनंतर नऊला ऑर्डरी येतात. सुट्टीत लहान मुलांसाठी ‘आपला पिझ्झा आपणच लावा’ असा दुपारचा तास ठेवा: गोळा द्या, सॉस द्या, भाज्या मांडून ठेवा. पंधरा मुलं म्हणजे तीस पालक, आणि मे महिन्याच्या दुपारी ओव्हनला दुसरं काम नसतं.

कागदपत्रं: एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) नोंदणी किंवा परवाना, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा आरोग्य खात्याचा परवाना, जीएसटी. शॉप अ‍ॅक्टखाली तुमच्यासारख्या थोड्या कामगारांच्या दुकानाला २०१७ च्या कायद्याने नुसती ऑनलाइन सूचना पुरते. वर राहती घरं असतील तर धुराड्याचं तोंड कुठे काढणार ते सोसायटीकडून लेखी घ्या. गाळे रिकामे करावे लागतात ते परवान्यापेक्षा वरच्या मजल्याच्या तक्रारीमुळे जास्त. आणि ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी वाढू लागलं की आठवडाभराचं चीज फ्रीजरमध्ये भरून ठेवा. विश्रामबागेत पाणी आलं नाही तरी २०१९ आणि २०२१ ला रस्ते अडले होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

शेवटचं, कधी उघडायचं. सगळे म्हणतील ऑगस्टमध्ये, नवीन पोरं आली की धूमधडाक्यात. मी म्हणेन जूनच्या पहिल्या आठवड्यात, गाजावाजा न करता. तेव्हा गावात फक्त घरं असतात. दिवसाला आठ-दहा बिलं होतील, माणसांचा हात बसेल, ओव्हनचा कुठला कोपरा जास्त तापतो ते कळेल, आणि पोरं येईपर्यंत पंचवीस-तीस कुटुंबं तुम्हाला नावाने ओळखू लागतील. गाळ्याचा ताबा एप्रिलअखेर मागा. फर्निचर आणि वायरिंगला महिना-सव्वा महिना लागतोच. तेवढ्या दिवसांचं भाडं माफ, आणि पहिल्या वर्षी मे-जूनचं भाडं निम्मं, असं मालकाशी आत्ताच बोला आणि करारात लिहून घ्या. उन्हाळ्यात कॉलेजजवळचा गाळा घ्यायला रांग नसते, हे त्यालाही माहीत आहे. तो ऐकत नसेल तर अनामत कमी करून मागा. दोन्हीला नाही म्हणाला, तर दुसरा गाळा बघा. त्याच रस्त्यावर मिळेल.